पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या मोटारी

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे नाहीशी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीच्या आयुष्याला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा हा दिवस वीस वर्षे आधीच ठरून गेलेला होता. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, हळहळ व्यक्त झाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, १९७४ साली ‘पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आलेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी गाठली आणि केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे त्या ‘विंटेज’ म्हणून नोंदणीस पात्र ठरल्या. एकाच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या दोन बहिणी. एक भंगारात गेली, दुसरी वारशात जमा झाली. या दोन टोकांच्या मध्ये ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांचे काय व्हावे, याचा विचार मात्र नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

जुन्या मोटारींचा शौक हा आपल्याकडे बराच काळ संस्थानिकांचा आणि कारखानदारांचा विषय होता. दिल्लीत १९६४ मध्ये ‘स्टेट्समन’ या दैनिकाने जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. तशा फेऱ्यांमध्ये पुढे मिरवत त्या रोल्स-रॉइस आणि त्यांच्या तोलाच्या परदेशी गाड्या. गेल्या काही वर्षांत या शौकाचे सामाजिक रूप पालटले आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत बँकेतला अधिकारी, कारखान्यातला अभियंता, निवृत्तीला आलेला शिक्षक असा माणूस वडिलांची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर नीट करून घेतो, रविवारी सकाळी ती बाहेर काढतो आणि वर्षभरात त्याला दुसऱ्या गाडीचे वेध लागतात. पहिली गाडी आठवणीतून येते. दुसरी निवडावी लागते. आणि निवडताना बहुतेकांना जे दहा जणांकडे आहे ते नको असते, काही तरी निराळे हवे असते. ही निवड वरवर खाजगी हौसेची वाटली तरी तिच्यात अर्थशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत.

या धड्यांची सुरुवात टंचाईपासून होते. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की, ज्यांच्याकडे देशातच मोटार बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना वाव मिळावा. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्यानंतर काढता पाय घेतला. उरल्या मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ही यांतली मराठी मुलखातली. (इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने घडवली, पण ती नमुन्याच्या पलीकडे गेली नाही, तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) सत्तरच्या दशकात साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या. किंमत सरकारी नियंत्रणाने खाली दाबलेली, पुरवठा परवान्याने बांधलेला; अशा बाजारात वस्तूचे वाटप किमतीने होत नाही, रांगेने होते. फियाटसाठी लोकांनी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली. ज्याचा नंबर लागे तो गाडीबरोबर एक दुर्मीळ हक्कही घरी आणत असे, आणि त्या हक्काची किंमत जुन्या गाडीच्या बाजारात वसूल होत असे.

आज हे चित्र नेमके उलटे झाले आहे. ज्या गाडीसाठी रांग लागत होती, ती भरपूर संख्येने बनली आणि म्हणून आज सहज मिळते. ज्या गाडीकडे तेव्हा गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, ती थोडी बनली, लवकर बंद पडली आणि आज शोधूनही सापडत नाही. आजची दुर्मिळता ही कालच्या अपयशाची संतती आहे. म्हणून ‘निराळी’ गाडी घेऊ पाहणाऱ्याला आपल्या औद्योगिक धोरणाच्या फसलेल्या पानांतूनच निवड करावी लागते.

या पानांपैकी सर्वांत बोलके पान म्हणजे ‘स्टँडर्ड २०००’. ब्रिटनमधील रोव्हर कंपनीची एसडी-१ ही मोटार १९७६ मध्ये आली आणि १९७७ साठी तिने युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळवला. साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनासाठी आखलेला तो लांब, देखणा सांगाडा मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये भारतात आणला. पण त्यात बसवले ते दोन लिटरचे, चाळीसच्या दशकातील ‘व्हॅनगार्ड’ मोटारीच्या वंशातले जुने चार सिलिंडरी इंजिन. अंगरखा राजाचा आणि छाती शिपायाची, असा तो प्रकार झाला. किंमत श्रीमंतांच्या आवाक्यातली, पेट्रोलची भूक मोठी आणि वेग बेताचा. त्याआधी दोनच वर्षे, १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली होती. तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती आणि ती मागेल त्याला नसली तरी पुष्कळांना मिळणार होती. बाजार कोणत्या दिशेला वळला आहे हे स्टँडर्डच्या चालकांना उमगले नाही, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तीन दशके ज्या कंपनीला गिऱ्हाईक शोधावेच लागले नव्हते, तिच्याजवळ गिऱ्हाईक ओळखण्याची दृष्टी यावी कोठून? १९८८ च्या सुमारास तिचे मोटार उत्पादन थांबले.

स्टँडर्डचीच त्याआधीची ‘गॅझेल’ ही १९७२ मध्ये आलेली, ‘हेराल्ड’ला देशी वळण देऊन घडवलेली लहान गाडी. बंगळूरच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ ही ऐंशीच्या दशकातली, फायबर काचेच्या अंगाची, ब्रिटनच्या रिलायंट किटनची भारतीय आवृत्ती. त्यांच्या मानाने उत्तरपाड्याची १९८४ ची ‘कॉन्टेसा’ आणि कुर्ल्याची १९८५ ची ‘११८ एनई’ या यशस्वीच म्हटल्या पाहिजेत. कॉन्टेसाला तर आज तरुणांमध्ये मोठी मागणी आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. दुर्मीळ म्हणजे मौल्यवान, असे समीकरण हौशी मंडळी मांडतात. मे २०२२ मध्ये मर्सिडीझची १९५५ ची एक रेसिंग मोटार साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. तशा गाड्या दोनच बनल्या होत्या. पण सुस्थितीतल्या डॉल्फिन आज किती उरल्या असतील? अगदी थोड्या. तरीही डॉल्फिनसाठी कोणी घर गहाण ठेवीत नाही. किंमत ठरते ती पुरवठा आणि मागणी यांच्या संगतीने, आणि जुन्या मोटारींच्या बाबतीत मागणी म्हणजे बहुतांशी आठवण. ज्या पिढीने लहानपणी पद्मिनीच्या मागच्या बाकावर बसून आजोळ गाठले, त्या पिढीच्या हाती आज पैसा आहे. म्हणून पद्मिनीला भाव आहे. डॉल्फिनमध्ये बसलेली मुलेच थोडी. याचा व्यावहारिक अर्थ असा की, निराळी गाडी घेणाऱ्याने ती गुंतवणूक म्हणून घेऊ नये. तिच्यावर झालेला खर्च परत येण्याचा संभव कमीच.

मग निवड करायची कशावरून? बहुतेक जण आधी गाडीचा रंग आणि पत्रा पाहतात. खरा प्रश्न सुट्या भागांचा आहे, आणि त्याचे उत्तर त्या गाडीच्या संख्येत नसून तिच्या आईच्या संख्येत असते. आपल्या जवळजवळ साऱ्या जुन्या मोटारी परदेशी मोटारींच्या मुली आहेत. हेराल्डच्या मूळच्या ट्रायम्फ हेराल्ड ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक बनल्या. तिथे त्यांचे भाग आजही तयार होतात, आणि गॅझेलचे पुष्कळसे यंत्र तिच्याच वंशातले असल्याने भारतात नामशेष झालेल्या गाडीला परदेशी माहेर शिल्लक आहे. ११८ एनईचा सांगाडा फियाट १२४ चा, ज्याच्या वंशात रशियाची लाडा येते; तिचे इंजिन निसानच्या ए-१२ जातीचे, जे जगभर वापरले गेले. डॉल्फिनचे अंग गंजत नाही हा मोठाच गुण, कारण आपल्या किनारपट्टीवर जुन्या मोटारीचा पहिला शत्रू गंज हाच असतो. उलट कॉन्टेसाची आई, व्हॉक्सहॉल व्हिक्टर, हिचे पत्र्याचे भाग ब्रिटनमध्येही दुर्मीळ झालेले आहेत. म्हणजे आज जी जास्त दिसते ती कॉन्टेसा उद्या सांभाळायला कठीण, आणि जी दिसतच नाही ती गॅझेल त्या मानाने सोपी, असा विपरीत हिशेब निघतो. अर्थात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक भागावर आयात शुल्क आणि टपालखर्च आहेच. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर, चेन्नईच्या पुदुपेट्टईत किंवा कोलकात्याच्या मलिक बाजारात जे मिळेल ते केव्हाही स्वस्त.

इंधनाचाही प्रश्न आहे. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. ते पेट्रोल देशातून २००० मध्ये गेले. आता २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आहे, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते बदलून घेण्याचा खर्च फार नाही, पण करावा लागतोच. कोल्हापूरकडील एखाद्या ऊस-उत्पादक हौशी माणसाला साखर कारखान्याच्या बिलातून मिळालेला थोडा पैसा याच कारणाने गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या हाती द्यावा लागावा, यात विनोद आहे आणि आर्थिक परस्परावलंबनही.

विक्रेत्याला गाडीतला दोष ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नसतो, आणि त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून हटत जातात, हा सिद्धान्त जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडला. २००१ च्या नोबेल पारितोषिकामागे त्याचा मोठा वाटा होता. हौशी मंडळींच्या जुन्या मोटारींना तो पूर्णपणे लागू पडत नाही. इथे मंडळे आहेत, एकमेकांना ओळखणारे मिस्त्री आहेत, आणि एखाद्या शहरात दोनच गॅझेल असतील तर दोन्हींचा इतिहास सर्वांना पाठ असतो. पण एक माहिती या बाजारात अजूनही अंधारात राहते, आणि ती यंत्राची नसून कागदाची असते. आरसी बुक जिवंत आहे की नाही, नोंदणीचे नूतनीकरण कधी थांबले, इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी जुळतो का, या प्रश्नांपाशी आज सर्वाधिक व्यवहार फसतात. येथे खाजगी निवडीचा प्रश्न संपतो आणि सार्वजनिक धोरणाचा सुरू होतो.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी योग्यतेची तपासणी आणि नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर झाला तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा. महाराष्ट्रात हरित कर निराळा. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात आली, आणि मंत्र्यासंत्र्यांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसॅडर मोठ्या संख्येने भंगाराच्या वाटेला लागल्या. गाडी मोडीत काढणाऱ्यास नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. या साऱ्या तरतुदींचा संदेश एकच: जुनी गाडी मोडा.

दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ चे विंटेज नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपातली गाडी २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी नोंदता येते, नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो. ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच बाहेर काढायची. हा नियम चांगला आहे. पण त्याचा लाभ आज कोणाला होतो? १९७५-७६ पूर्वीच्या गाड्यांना. म्हणजे संस्थानिकांच्या गाड्या, साहेबांच्या गाड्या, पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या फियाट आणि लँडमास्टर. मध्यमवर्गाने ज्यांच्यासाठी रांगा लावल्या त्या बहुतेक गाड्या, आणि ज्या घेण्याचे धाडस थोड्यांनीच केले त्या जवळजवळ साऱ्या, या रेषेच्या अलीकडे राहतात. मोडा म्हणणारा नियम पंधराव्या वर्षी सुरू होतो आणि जपा म्हणणारा पन्नासाव्या. मधली पस्तीस वर्षे गाडीने आणि तिच्या मालकाने कशी काढायची? संस्थानिकाच्या गॅरेजात जागा असते. चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात ती नसते.

प्रदूषणाचा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. कार्ब्युरेटर असलेली, धूरशोधक यंत्रणा नसलेली गाडी एका किलोमीटरमागे आजच्या गाडीच्या कित्येक पट दूषित वायू सोडते. परंतु हवा बिघडते ती वयाने नव्हे, चालण्याने. वर्षभरात पाचशे किलोमीटर फिरणारी कॉन्टेसा आणि रोज दीडशे किलोमीटर धावणारी दहा वर्षांची डिझेल गाडी यांची तुलना वयाच्या रकान्यात करणे म्हणजे वीजबिल मीटर न पाहता घराच्या बांधकामाच्या सालावरून आकारण्यासारखे आहे. कर वापरावर बसला पाहिजे, एवढी साधी गोष्ट सार्वजनिक अर्थकारणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाडीला रस्ताकर माफ आहे आणि मोठे फेरफार न झालेल्या अशा गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ स्थितीतल्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी आणि ठरावीक सवलतीचा कर मिळतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटनाही तीस वर्षे हीच मर्यादा मानते. आपल्याकडे तीस वर्षांची एक मधली श्रेणी केली, तिला वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घातली आणि दर तपासणीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदला, तर रोजच्या वापराची गाडी या आडोशाने चालवण्याची पळवाट बरीच बंद होईल. मीटर फिरवणारे निघतील हे खरे; पण आजच्या व्यवस्थेत तर मीटर पाहिलाच जात नाही.

अशी श्रेणी करताना ‘मूळ रूप’ या शब्दांचा अर्थ मात्र भारतीय अनुभवातून लावावा लागेल. विंटेज नियमाला सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत भरीव फेरफार चालत नाही. ही कसोटी युरोपीय संग्राहकाची आहे. आपल्याकडे पेट्रोल महागले तेव्हा शेकडो अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनींमध्ये डिझेल इंजिने बसली. मुंबईच्या टॅक्सी गॅसवर गेल्या. कॉन्टेसाच्या कित्येक मालकांनी मूळचे दुबळे इंजिन काढून इसुझुचे बसवले. हे फेरफार टंचाईच्या अर्थव्यवस्थेत माणसे कशी जगली याचा पुरावा आहेत. बदललेल्या इंजिनाची आरसी बुकात रीतसर नोंद असेल तर त्या गाडीला अस्पृश्य ठरवण्याचे कारण नाही.

दुचाकींची कथाही हीच, आणि वाचकांपैकी अनेकांच्या ती अधिक जवळची असेल. म्हैसूरच्या येझदी, ‘राजदूत ३५०’, दहा-दहा वर्षे नंबर लावून मिळालेल्या बजाज स्कूटरी यांतील बऱ्याचशा याच मधल्या वयात आहेत. वीस वर्षांवरील दुचाकीचे नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपयांना पडते. पुष्कळदा तो आकडा भंगारवाला देऊ करील त्या रकमेशी स्पर्धा करतो.

समजा, १९८६ साली नोंदलेली एक ११८ एनई कोणी आज विकत घेतली. तिचे नूतनीकरण २०२६ मध्ये एकदा आणि २०३१ मध्ये पुन्हा, आजच्या दराने प्रत्येकी १०,००० रुपये. तपासणीचे शुल्क आणि हरित कर वेगळे. २०३६ मध्ये ती पन्नाशीची होईल आणि २०,००० रुपये भरून वारसा ठरेल. गॅझेल घेणारा अधिक भाग्यवान; १९७६ ची गॅझेल २०२६ मध्येच त्या उंबरठ्यावर येते. डॉल्फिन घेणाऱ्याला मात्र २०३२ च्या पुढे थांबावे लागेल, आणि तोवर तिच्या जुन्या मालकांपैकी किती जणांनी आरसी बुक परत करून गाडी तराजूवर चढवली असेल, हे नव्या शुल्काच्या दोन फेऱ्या झाल्या की कळेल.